सहा वर्षं पगार तोच: मागायचं काय, कधी आणि कशाच्या जोरावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका मशिनिंगच्या कारखान्यात स्टोअर्स आणि डिस्पॅच सांभाळतात. माणसं पन्नासच्या आसपास, माल गाड्यांच्या कंपन्यांना जातो. २०१८ मध्ये लागले तेव्हा पगार १८,५०० होता, एप्रिल २०१९ मध्ये २०,८०० झाला आणि तेव्हापासून आकडा जागचा हललेला नाही. दर दिवाळीला विषय काढला की मालक म्हणतात, "यंदा जरा अवघड आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू." मध्यंतरी हाताखाली एक नवा मुलगा घेतला, तोही जवळपास तेवढ्याच पगारावर. घरात बायको, दोन मुलं आणि मधुमेह असलेले वडील. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: पगारवाढ मागायची कशी, कायद्याने काही करता येतं का, आणि सरळ नोकरी सोडावी का.

मी नाशिक भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांचं पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि कामगार कायद्यांचं काम बघते. कोणाचे किती वाढवायचे हे ठरतं त्या टेबलाशी मी बऱ्याचदा बसलेली असते. त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय चाललेलं असतं ते आधी सांगते. ते कळल्याशिवाय मागण्याची पद्धत सांगून उपयोग नाही.

सगळ्यात आधी तुमचा आकडा नीट बघू. तुमचा पगार कागदावर तोच आहे, पण त्यात येणारं सामान दरवर्षी कमी होत गेलं आहे. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांत देशातली किरकोळ महागाई अनुक्रमे ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होती. एकावर एक चढत गेली की ही वाढ जवळजवळ ३२ टक्के होते. म्हणजे २०१९-२० मध्ये २०,८०० रुपयांत जे भागत होतं, त्याला २०२४-२५ मध्ये साधारण २७,४०० लागत होते. उलट बाजूने बघितलं तर त्या वर्षी हातात पडणाऱ्या २०,८०० ची किंमत आधीच्या हिशोबाने १५,८०० च्या आसपास होती. तुम्ही लागलात त्या पगारापेक्षाही खाली. हे तुम्हाला घरात रोज जाणवत असणारच, पण आकडा समोर असला की आपण काही जास्तीचं मागतोय हा संकोच जातो. तो जायलाच हवा.

मात्र हा हिशोब स्वतःजवळ ठेवा, मालकांसमोर पहिल्यांदा मांडू नका. महागाई पन्नासही जणांना सारखीच आहे. तुम्ही "महागाई वाढली" म्हणालात की मालक मनातल्या मनात त्या वाक्याला पन्नासने गुणतात आणि घाबरून नाही म्हणतात. महागाईचा आकडा तुमची किमान अपेक्षा ठरवायला वापरा. मागणी उभी राहते ती तुमच्या कामावर.

आता तुमचाच पगार का अडकला ते बघू. अशा कारखान्यात पगाराचा एकूण खर्च तसाही वाढतच असतो. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, नव्याने जाहीर होतो. हेल्पर आणि किमान वेतनावरच्या इतर कामगारांचा पगार त्यामुळे आपोआप वर सरकतो. मालकाला वाटतं, मी वर्षातून दोनदा पगार वाढवतोच आहे. दुसरीकडे गाड्यांच्या कंपन्या पुरवठादाराकडून दरवर्षी भाव कमी करून मागतात. या दोन्हींच्या मध्ये जे काही उरतं, ते सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरला जातं, कारण समोरच्या गल्लीत हजार-दीड हजार जास्त मिळाले की तो निघून जातो आणि मशीन उभं राहतं. मशीन उभं राहिलेलं मालकाला केबिनमधून दिसतं. स्टोअर्सचं काम नीट चाललेलं असतं तेव्हा ते कोणालाच दिसत नाही. सहा वर्षं तुमच्याकडून तक्रार नाही, राजीनामा नाही, तर तुमचं नाव यादीत खाली खाली जात राहतं. यात दुष्टपणा असतोच असं नाही, पण नुकसान तुमचंच होतं.

याचा आणखी एक परिणाम तुम्ही स्वतः लिहिला आहे, पण वेगळ्या शब्दांत. हेल्परचा पगार दर सहा महिन्यांनी वर येतोय, नवा मुलगा बाजारभावाने आत येतोय, आणि तुम्ही मधेच थांबला आहात. जबाबदार माणूस आणि नवशिका यांच्यातलं अंतर संपत आलंय. मालकांशी बोलताना महागाईपेक्षा हा मुद्दा जास्त चालतो, कारण त्याला पन्नासने गुणता येत नाही. मात्र त्या मुलाचं नाव घेऊन बोलू नका. "मी २०१९ ला या पगारावर होतो तेव्हा हेल्परमध्ये आणि माझ्यात एवढं अंतर होतं, आज एवढंच उरलंय," एवढं पुरे.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला खटकते. २०,८०० हा आकडा ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेच्या जेमतेम खाली आहे. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून तीच आहे. ती ओलांडली की माणूस योजनेबाहेर जातो, म्हणून कितीतरी जणांचे पगार वर्षानुवर्षं २०,५००-२०,९०० मध्ये घुटमळताना मी बघते. कधी मालक ओलांडू देत नाहीत, कधी कामगारच नको म्हणतो. तुमच्या घरी हा विषय खरोखर मोठा आहे. वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांची तपासणी आणि औषधं सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून होत असणार. पगार २३,००० झाला आणि ही सोय गेली, तर वाढलेले पैसे मेडिकलच्या दुकानात जातील. बाहेर स्वतःची पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

म्हणून वाढ मागताना विम्याची बोलणी त्याच बैठकीत करा. हिशोब सोपा आहे. ईएसआयसाठी मालक तुमच्या पगाराच्या ३.२५ टक्के भरतात, म्हणजे महिन्याला ६७६ रुपये, वर्षाला ८,११२. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला १५६ रुपये कापले जातात. तुम्ही योजनेबाहेर पडलात की मालकांचे ते आठ हजार वाचतात. ते कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये (सगळ्यांच्या एकत्रित आरोग्य विम्यात) घाला आणि त्यात वडिलांना घ्या, असं स्पष्ट मागा. ग्रुप पॉलिसीत जुना आजार पहिल्या दिवसापासून धरून मिळू शकतो, फक्त तसं कलम त्यात आहे का ते वाचून घ्या. एक तारखेची गोष्टही लक्षात ठेवा. ईएसआयच्या वर्गणीचे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. कालावधीच्या मध्यात पगार मर्यादेपलीकडे गेला तर त्या कालावधीच्या शेवटापर्यंत वर्गणी आणि संरक्षण चालू राहतं. वाढ एक एप्रिलला लागू झाली तर नव्या कालावधीच्या पहिल्याच दिवशी तुमची वर्गणी बंद. मेपासून लागू झाली तर ती सप्टेंबरअखेर चालू. वडिलांच्या औषधांसाठी एक महिना थांबणं परवडेल का, ते तुम्ही ठरवा. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे. घरभाडे भत्त्यासारखे काही भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंत वेतनातून वगळले जातात. त्यामुळे २१,००० ची मर्यादा मोजताना तुमच्या स्लिपमधला कोणता आकडा धरतात ते कंपनीच्या कन्सल्टंटला विचारा. "ईएसआय जाईल" हे उत्तर जुन्या हिशोबावर दिलेलं असू शकतं.

आता कायद्याचं. खासगी नोकरीत दरवर्षी पगार वाढवलाच पाहिजे असा सरसकट कायदा नाही. किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, आणि अपॉइंटमेंट लेटरमध्ये किंवा युनियनच्या करारात वाढ लिहिलेली असेल तर ती द्यावी लागते. एवढाच आधार. एकट्याने "माझा पगार वाढवा" म्हणून कामगार आयुक्तांकडे वाद नेता येत नाही. एकट्या कामगाराला जाता येतं ते कामावरून काढल्यासारख्या प्रकरणात. पगारवाढीची मागणी युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून करायची असते. मोठ्या कारखान्यांत साधारण तीन-साडेतीन वर्षांचे करार होतात ते याच मार्गाने. तुमच्याकडे युनियन नाही असं दिसतं. त्यामुळे कायद्याच्या वाटेवर आज फार वेळ घालवू नका. फक्त तुमच्या कामाच्या वर्गाला तुमच्या झोनमध्ये चालू किमान वेतन किती आहे ते तपासा आणि जुनं अपॉइंटमेंट लेटर शोधून पुन्हा एकदा वाचा. "वार्षिक वाढ व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार" असं असेल तर त्यातून हक्क निघत नाही. ठरावीक रक्कम किंवा टक्का लिहिला असेल तर सगळं चित्र बदलतं.

मागायचं कसं? तुम्ही आजवर दिवाळीला विचारत आलात, ती वेळ चुकीची आहे. त्या आठवड्यांत मालकांच्या डोक्यात बोनस असतो. बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, तरी मालकाला ते आपण आपल्या हाताने दिलेलं वाटतं आणि त्यावर पुन्हा पगाराचा विषय आला की चीड येते. शिवाय तेव्हा बँकेतली शिल्लकही तळाला असते. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी ही वेळ बरी. नव्या वर्षाचे भाव, माणसं, खर्च यांचा विचार तेव्हा सुरू झालेला असतो आणि एप्रिलचा पगार अजून ठरलेला नसतो. त्याच सुमारास एखादं कस्टमर ऑडिट नीट पार पडलं असेल तर त्यानंतरच्या आठवड्यात वेळ मागा. शॉप फ्लोअरवर, जाता-येता, चहाच्या टपरीवर विषय काढू नका. "साहेब, मला वीस मिनिटं हवी आहेत, माझ्या कामाबद्दल आणि पगाराबद्दल बोलायचंय," असं आधी सांगून बसा.

सोबत एक पानाचा कागद न्या. या कागदाबद्दल थोडं लांब लिहिते, कारण फरक इथेच पडतो. त्यावर तुमच्या अडचणी नकोत, गुणही नकोत. २०१९ मध्ये तुमच्याकडे कोणतं काम होतं आणि आज कोणतं आहे, एवढंच हवं. माझ्या अंदाजाने तेव्हा तुम्ही आवक-जावक रजिस्टर आणि गेटपास बघत असाल. आज जीआरएन (आलेल्या मालाची पावती) तुम्ही करता, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक तुम्ही टाकता, इन्सर्ट आणि ड्रिल या कापायच्या हत्यारांचा वापर मशीनवार तुम्ही काढता, गेज (मापाची साधनं) कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून घ्यायला, पाठवायच्या तारखा तुमच्याकडे आहेत, जॉब वर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेल्या मालाची चलनं तुम्ही जुळवता, माल वाहतुकीचं ई-वे बिल तुम्ही काढता, आणि संध्याकाळी साडेसहाला गाडी आली तर माल भरून देईपर्यंत थांबताही तुम्हीच. यातलं जे खरं असेल तेच लिहा. एखादा आकडा मिळाला तर उत्तम. प्लेटिंगला गेलेला माल किती कमी परत आला ते तुम्ही पकडलं असेल, फिजिकल स्टॉक आणि टॅली यांच्यातला फरक तुमच्या काळात कमी झाला असेल, तर ती रक्कम रुपयांत लिहा. आणि स्वतःला एक विचारा: मागच्या वेळी तुम्ही चार दिवस रजेवर होतात तेव्हा कोणत्या कामासाठी किती फोन आले? ते फोन ज्या कामांसाठी आले, ती कामं कागदावर सगळ्यात वर ठेवा.

अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटी बघणाऱ्या एक ताई होत्या. चार वर्षं पगार तोच. मागणी दरवर्षी करायच्या, उत्तर दरवर्षी तुमच्यासारखंच मिळायचं. पुढे त्यांनी असंच एक पान आणलं. त्यावर दोन रकाने होते, आधीचं काम आणि आताचं काम. मधल्या काळात दोन माणसं सोडून गेली होती, त्यांच्या जागी कोणी घेतलं नव्हतं आणि ते सगळं काम त्यांच्याकडे आलं होतं. मालकांनी पान दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "म्हणजे दोन पगार आपण बंद केले आणि यांना काहीच दिलं नाही का?" त्यांना ते माहीत नव्हतं. माणसं गेल्याचं माहीत होतं, काम कुठे गेलं ते माहीत नव्हतं. त्या महिन्यात पगाराचा आकडा बदलला.

आकडा तुम्हीच सांगा, मालकांवर सोडू नका. सहा वर्षांचं अंतर एका दिवसात भरून निघणं लहान कारखान्यात अवघड असतं, म्हणून मी दोन टप्पे सुचवेन. या एप्रिल-मेपासून २४,५०० आणि त्यापुढच्या वर्षीच्या एप्रिलला २७,५००, दोन्ही एकाच पत्रात तारखेसह. हे आकडे तुमच्या महागाईच्या हिशोबाजवळ बसतात आणि मालकांना दोन आर्थिक वर्षांत विभागून द्यायला जमतात. बाजारात तुमच्या कामाला किती मिळतं ते मात्र आधी काढा. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या ओळखीच्या स्टोअर्सवाल्यांना विचारा आणि एक-दोन मुलाखती खरोखर देऊन या. बाजारभाव २४,००० च असेल तर २७,५०० मागून संबंध बिघडतील. तो ३०,००० असेल तर तुम्ही स्वतःलाच कमी मोजताय.

यावर मालक काय म्हणतील ते तीन प्रकारचं असू शकतं. "हो" म्हणाले तर पत्र घ्या आणि वाढ कशात टाकतात ते बघा. सगळी वाढ घरभाडे किंवा "स्पेशल अलाऊन्स"मध्ये टाकली आणि बेसिक तेवढंच ठेवलं, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी मागे राहू शकतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: वर सांगितलेल्या नव्या व्याख्येप्रमाणे धरलेलं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. हे वेतन ११,००० धरलं तर सात वर्षांचे साधारण ४४,४०० होतात, १४,००० धरलं तर ५६,५००. बेसिक वाढलं की पीएफची कपात वाढते आणि हातात थोडं कमी येतं, पण तो पैसा तुमचाच आहे आणि तेवढीच भर मालकही घालतात. दुसरी युक्ती सीटीसीची, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्चच पगार म्हणून सांगायची. मालकांच्या पीएफचा वाटा तुमच्या पगारात धरून आकडा मोठा दाखवतात आणि हातात पूर्वीइतकंच येतं. म्हणून बोलताना ग्रॉस (कपातीआधीचा पगार) किती आणि हातात किती, हे दोन्ही आकडे विचारा.

"पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर आलं तर या वेळी तिथेच थांबू नका. "कोणत्या महिन्यात बसायचं? आणि तोपर्यंत काय झालं तर वाढ होईल?" असं विचारा. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून पाठवा: आज बोलल्याप्रमाणे जूनमध्ये आपण पुन्हा बसणार आहोत, धन्यवाद. ज्या मालकाला खरंच द्यायचं असतं तो महिना सांगतो. महिनाही सांगत नसतील तर ते उत्तर नाही असंच आहे, फक्त तोंडावर बोलवत नाही.

आणि "कंपनीकडे पैसेच नाहीत" म्हणाले तर ते खरं आहे का ते तुम्हाला दुसऱ्या कोणापेक्षा लवकर कळेल, कारण माल तुमच्या दारातून आत येतो. सप्लायर उधारीवर द्यायला का-कू करतात का, स्टीलची ऑर्डर अर्धी झाली आहे का, पगाराची तारीख सातवरून पंधरावर गेली आहे का, हे बघा. यूएएन या तुमच्या पीएफ क्रमांकाच्या पासबुकात पीएफ कधी जमा झाला तेही तपासा. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तुमच्या पगारातून कापलेला पीएफ महिनोन्महिने जमा होत नसेल, तर पगारवाढीचं बोलणं बाजूला ठेवा आणि लगेच दुसरी नोकरी शोधा. उलट हे सगळं वेळेवर चालू असेल, नवीन मशीन येत असेल, तर पैसे आहेत, तुमच्यासाठी बाजूला काढलेले नाहीत.

नोकरी सोडण्याबद्दल. तुमची पाच वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यामुळे ग्रॅच्युइटी बुडणार नाही. ज्यांची पाच वर्षं भरायला थोडेच महिने बाकी आहेत त्यांनी तारीख बघूनच राजीनामा द्यावा. हातात दुसरं ऑफर लेटर नसताना सोडू नका, वडिलांच्या औषधांची सोय झाल्याशिवाय तर नाहीच. खोट्या ऑफरची धमकीही देऊ नका. एमआयडीसीत मालक एकमेकांना फोन करतात. खरी ऑफर असेल तर ती दाखवायला हरकत नाही, पण मालकांनी "जा" म्हटलं तर जायची तयारी ठेवूनच. आकडा बघून चाकणला जायचा मोह होतो, तिथे हिशोब वेगळा मांडा. सात-आठ हजार जास्त मिळाले आणि खोलीचं भाडं, मेस, दर आठवड्याचा नाशिकचा प्रवास त्यातूनच गेला, तर घरी येणारे पैसे आजच्याइतकेच राहतात आणि मुलं आठवड्यातून एकदा भेटतात. नाशिकमध्येच तीन-चार हजार जास्त मिळत असतील तर ते चाकणच्या आठ हजारांपेक्षा तुमच्यासाठी चांगले, असं माझं मत. निघायचं ठरलंच तर नोटीस पूर्ण भरा, स्टॉक मोजून सहीने ताब्यात द्या आणि रिलीव्हिंग लेटर हातात घ्या. स्टोअर्सच्या माणसाने स्टॉक न सोपवता जाणं पुढे फार त्रासाचं ठरतं. सोडल्यानंतर एखादी गोष्ट कमी निघाली की बोट त्याच्याकडेच जातं.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी नाहीत, त्या कळल्या तर माझं उत्तर थोडं बदलेल. एक, पगाराच्या स्लिपमध्ये बेसिक, महागाई भत्ता आणि घरभाडे वेगवेगळे किती दाखवतात. दोन, अपॉइंटमेंट लेटरमध्ये वाढीबद्दल नेमकी काय ओळ आहे. नाव आणि कंपनी न लिहिता तेवढं खाली टाका. ईएसआयचा आणि बेसिकचा नेमका हिशोब मी करून देते, तोच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेऊन जा.